विहिणींचं म्युझियम

बॉस्टनजवळ
१४ मे २०२३

श्रीमती पुतळाबाई यांना उत्तराचा सप्रेम नमस्कार.

माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. आपल्या मुलांच्या लग्नाला सहा वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला दोन ओळीही लिहिल्या नाहीत. खरं सांगायचं तर ही कल्पना दीप्तीची. काल तुमचा फोन आला, तुम्ही "हां, हां, बरं" म्हणालात आणि ठेवलात. तुमचा कृणाल फोन तसाच हातात घेऊन बाहेर निघून गेला. तेव्हा दीप्ती मला म्हणाली, "आई, तू शाळेत तीस वर्षं मुलांकडून पत्रलेखन करून घेतलंस. मग त्यांना लिही की! भाविका सांगते, त्या पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात." या पत्राचा फोटो ती तुमच्या पुतणीला, भाविकाला, पाठवेल आणि भाविका तो छापून तुमच्या हातात देईल.

मी इथे येऊन तीन आठवडे झाले. तेजल मजेत आहे. साडेचार वर्षांची झाली, तोंड क्षणभर मिटत नाही. मराठी बोलते, पण रागावली की इंग्रजीत रागावते. तुमचा व्हिसा नाकारला गेला आणि माझा मिळाला, याचं मला अवघडल्यासारखं होतं. तुम्ही तिला सव्वा वर्षाची असताना पाहिलीत ती शेवटची. तुमच्या वाटणीचंही मीच बघतेय असं वाटतं.

मला लहानपणापासून म्युझियमचं वेड. मुलुंडहून दर वर्षी सहावीच्या वर्गाला घेऊन मी फोर्टातल्या म्युझियममध्ये जायचे. अमेरिकेतली म्युझियमं बघायची फार इच्छा होती, पण आमच्या यांच्या आजारपणात ते राहूनच गेलं. आता ते नाहीत, आणि जावई दर शनिवारी गाडी काढून मला नेतोय. गेल्या शनिवारी बॉस्टनच्या मोठ्या म्युझियममध्ये गेलो. तिथे इजिप्तचे दगडी राजाराणी आहेत, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. राणीने राजाच्या कमरेभोवती हात टाकलाय. तेजल म्हणाली, "आजी, यांचा फोटो काढून झाला नाही का अजून?" शेजारचा पहारेकरी मराठी न कळताही हसला.

तुम्हाला हे वाचायला आवडेल की नाही माहीत नाही. आवडलं तर कळवा.

आपली,
उत्तरा पटवर्धन

•

वेसावे, अंधेरी
२९ मे २०२३

विहीणबाईंना पुतळाबाईचा रामराम.

पत्र मिळालं. भाविकाने मोठ्या अक्षरात छापून आणलं. तीनदा वाचलं. तुमचं अक्षर छान आहे, फळ्यावरचं वाटतं. माझं तसं नाही, सातवीनंतर शाळा सुटली. चुका काढा, पण परत पाठवू नका.

आवडलं का विचारता. आवडलं. तेजलचं अजून लिहा. काय खाते, केस कोण विंचरतं, झोपताना कोणाला चिकटते, ते लिहा. ती दगडी राणी पण आवडली. हात कमरेवर म्हणजे घर तीच चालवत असणार.

तुम्ही दीप्तीच्या सांगण्यावरून लिहिलं हे खरं सांगितलं, ते बरं केलं. मी पण खरं सांगते. मला वाटलं होतं, तुम्हाला आमच्याशी बोलायचं नसतं. लग्नात, बारशाला, कधी पण तुम्ही माझ्याशी बोलला तर ओठ हलल्यासारखं बोलायच्या. आम्ही बाजारातली माणसं. आमच्याकडे प्रेमाने पण बोंबलूनच बोलतात. म्हणून मी पण "हां" म्हणून सोडून द्यायचे. पत्रात मात्र तुम्ही चांगल्या मोठ्याने बोलता.

१ जूनपासून बंदी. दोन महिने होड्या किनाऱ्यावर, पावसाळ्यात मासळी अंडी घालते ना, म्हणून. सुके बोंबील सगळे वलांडीच्या बांबूंवरून उतरवून डब्यात भरून झाले. आता मला वेळच वेळ आहे.

व्हिसाचं मनाला लावून घेऊ नका. माझं नशीब. कृणाल विचारतो, आई, तिथे नक्की काय झालं? मी बोलले, ते लोक कारण देत नाहीत.

तो जेवतो का नीट? मी त्याची बाजू घेत नाही, फक्त विचारते.

पुतळाबाई बळवंत कोळी

•

बॉस्टनजवळ
१८ जून २०२३

प्रिय पुतळाबाई,

आज मला तुमचे आभार मानायचे आहेत. कशाबद्दल ते सावकाश सांगते.

तेजलचे केस सकाळी कृणालच विंचरतो. वेणी तो फार घट्ट घालतो आणि ती ओरडते. झोपताना बापालाच चिकटते. तो जेवतो नीट. दुधी केला की मात्र डबा विसरून जातो.

काल आम्ही न्यू बेडफर्ड नावाच्या बंदराला गेलो. इथून गाडीने तासाभरावर. तिथे देवमाशांचं म्युझियम आहे. पूर्वी या गावातून गलबतं देवमासे मारायला जगभर जायची, त्यांच्या तेलावर दिवे जळायचे. दारातून आत गेलं की डोक्यावर देवमाशाचा अखंड सांगाडा टांगलेला. मरून इतकी वर्षं झाली तरी त्याच्या हाडांतून अजून तेल झिरपतं, आणि ते थेंब थेंब गोळा करायला खाली बाटली लावलीय. तेजल त्या बाटलीपाशीच बसून राहिली.

पण सांगायचंय ते पुढचं. त्याच बंदरावर मच्छीमारांचं एक लहानसं म्युझियम आहे, दोन-तीन खोल्यांचं. जाळी, कंदील, होड्यांचे फोटो, बायका मासे साफ करताहेत त्याचे फोटो. तिथे मॅन्युएल नावाचे एक वृद्ध गृहस्थ पाहुण्यांना सगळं समजावून देतात. चाळीस वर्षं बोटीचे कप्तान होते, तुमच्याकडचे तांडेल. एका बाकावर फाटकं जाळं ताणून ठेवलंय आणि पाटीवर लिहिलंय, 'करून बघा'. लोक येतात, सुई घेतात, दोरा गुंतवतात, हसतात आणि निघून जातात.

कृणाल बसला. मला वाटलं, तेजलला गंमत दाखवायला बसलाय. पुतळाबाई, त्याचे हात असे चालायला लागले की मी बघतच राहिले. सुई आत, बोटावर दोरा, गाठ, जाळ्याचा पुढचा डोळा. त्याचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच. हातभर फाटलेलं जाळं त्याने वीसेक मिनिटांत सांधलं. भोवती माणसं जमली. मॅन्युएल खाली वाकून एकेक गाठ ओढून बघत होते. त्यांनी विचारलं, "कोणी शिकवलं?" कृणाल म्हणाला, "माझ्या आईने. दर पावसाळ्यात. अभ्यास झाल्याशिवाय सुई द्यायची नाही, आणि जाळं झाल्याशिवाय जेवायला." आणि तो खाली वाकून सुईवरचा दोरा गुंडाळायला लागला. तेजलने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी सहा वर्षं याला इंजिनिअर जावई म्हणून ओळखते. सर्किटं जोडतो, पगार चांगला, स्वभाव शांत. ही शांती, ही चिकाटी कुठून आली, हे मी कधी विचारलंच नाही. काल कळलं. म्हणून आभार.

तिथेच एक गोष्ट वाचली ती तुम्हाला सांगायलाच हवी. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी, बर्फाचे कारखाने नव्हते तेव्हा, इथल्या तळ्यांवरचा बर्फ करवतीने कापायचे, लाकडाच्या भुशात गुंडाळायचे आणि चार-चार महिने गलबतातून आपल्या मुंबईला आणायचे! साहेबांच्या सरबतासाठी.

मॅन्युएल यांच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. इंजिनाच्या आवाजाने कान गेले म्हणाले. "आठ वर्षं बायकोपासून लपवलं. ती बोलायची, मी मान हलवायचो. तिला वाटायचं माझं प्रेम आटलं. मूर्ख होतो मी." आणि जोरजोरात हसले. फार गोड माणूस.

तुमची,
उत्तरा

•

वेसावे
३ जुलै २०२३

उत्तराताई,

तुमचं पत्र आलं त्याला आठ दिवस झाले. मी रोज लिहायला बसायचे आणि उठायचे.

जाळ्याचं वाचून रडले. भाविका धावत आली, काय गो काकी, काय झालं? मी बोलले, काय नाय, कृणालने जाळं शिवलं. ती बोलली, मग रडतेस कशाला? आता तिला काय सांगू. मला वाटायचं, पोराने अमेरिकेत गेल्यावर ते सगळं धुऊन टाकलं असेल. त्याने टाकलं असतं तरी मी रागावले नसते. आम्हीच त्याला शिकून बाहेर पड बोललो होतो.

आता तुमच्या त्या मॅन्युएलबद्दल. नाव ऐकून आमच्या गोराईच्या ख्रिस्ती कोळ्यांतला वाटतो. त्याला माझा नमस्कार सांगा आणि सांगा, की तो एकटा मूर्ख नाही.

उत्तराताई, मला ऐकू येत नाही.

हे मी कोणाला बोलले नव्हते, म्हणून एका ओळीत लिहून टाकलं. अगदीच बहिरी नाही. समोर तोंड दिसलं, माणूस मोठ्याने बोलला, की समजतं. धक्क्यावर बर्फ फोडायचं मशीन असतं, लाद्या टाकल्या की भुगा करतं. त्याच्या बाजूला माझी जागा, अठ्ठावीस वर्षं. पहिल्यांदा एक कान गेला, मग दुसरा. बाजारात चालून जातं. गिऱ्हाईक बोट दाखवतं, मी बोटं दाखवते, झालं काम. फोनवर मात्र काही म्हणजे काही कळत नाही. कृणाल काय बोलतो त्यातलं मला "आई" तेवढं कळतं. म्हणून हां, हां, बरं.

आणि व्हिसाचं. खिडकीत काच होती. बाई बारक्या आवाजात मराठीतच विचारत होती, ते मी ओठांवरून ओळखलं. ती बोलली असणार, तिकडे किती दिवस राहणार? मला वाटलं, मुलगा तिकडे किती वर्षं राहणार म्हणून विचारते. मी छाती पुढे काढून सांगितलं, "आता कायमचा तिथेच!" ती बघत राहिली. परत काहीतरी विचारलं. मी बोलले, "हो, हो, घर पण घेतलंय." संपलं. तिची काही चूक नाही. मी पण तिच्या जागी असते तर हाकलून दिलं असतं.

बाहेर आल्यावर डोक्यात उजेड पडला, तिला वाटलं मीच कायमची राहायला चाललेय. भाविका फाटकापाशी थांबली होती. तिला बोलले, नाही म्हणाले, चल, वडापाव खाऊ.

मुलांना सांगू नका. भाविकाला पण ताकीद दिलीय, पत्राचा फोटो काढ, छाप, पण वाचू नको. कृणाल उद्याचं विमान पकडून येईल आणि मला दवाखान्यात बसवेल. माझ्या गळ्याची शपथ घालत नाही, तुम्ही मास्तरीणबाई, शपथा मानत नसाल. विश्वासावर लिहिलंय.

सरबतासाठी बर्फ आणायचे म्हणे! लोक वेडे.

पुतळाबाई

•

बॉस्टनजवळ
१६ जुलै २०२३

प्रिय पुतळाबाई,

सांगितलेलं नाही. तुमचं पत्र दीप्तीच्याच फोनवर येतं, पण ती ते न उघडता फोन माझ्या हातात देते. मी वाचलं आणि पुसून टाकलं. कृणालने विचारलं, "आईने काय लिहिलंय?" मी म्हटलं, "बर्फाबद्दल." खोटं नव्हतं.

तुम्ही विश्वासाने लिहिलंत, मग मीही काही लपवणार नाही. तुमच्या फोनवरच्या 'हां, हां'चा मी सहा वर्षं राग धरला होता. मला वाटायचं, बाईंना गर्व आहे. लग्नाच्या दिवशी पंगत बसताना मी तुम्हाला म्हटलं होतं, "माझ्या शेजारी बसा." तुम्ही मान हलवलीत आणि निघून गेलात. मी तो अपमान मनात जपून ठेवला. आता कळतंय की ते तुमच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं. माझा आवाज मुळातच बारीक. शाळेतही मागच्या बाकावरची मुलं "बाई, ऐकू येत नाही" म्हणून ओरडायची.

पण सगळा दोष कानांवर ढकलणं बरोबर नाही. लग्नानंतर तुम्ही आम्हाला वेसाव्याला जेवायला बोलावलं होतंत. मी यांच्या ब्लडप्रेशरचं कारण सांगितलं. ब्लडप्रेशर होतं, पण खरं कारण ते नव्हतं. यांना ते लग्न पसंत नव्हतं, आणि मला वाटत होतं, तिथे मासळीचा वास येईल, आपल्या तोंडावर ते दिसेल, नातेवाईक काय म्हणतील. घाटकोपरला मेट्रोत बसलं की वीस-पंचवीस मिनिटांत वर्सोवा, म्हणजे तुमचं वेसावे. सहा वर्षांत मला ती वीस मिनिटं सापडली नाहीत. याची मला लाज वाटते. तुम्ही माफ करा असं म्हणत नाही, फक्त खरं काय ते तुम्हाला माहीत असावं.

गेल्या आठवड्यात आम्ही न्यूयॉर्कला गेलो होतो. तिथल्या सगळ्यांत मोठ्या म्युझियममध्ये एक लाकडी मंडप आहे, गुजरातमधल्या पाटणच्या जैन मंदिरातला. चारशे वर्षांपूर्वीचा. छतावर नर्तकी, वादक, वेलबुट्टी, बघून मान दुखायला लागली. मी अर्धा तास तिथेच उभी. आणि मग एकदम लक्षात आलं, मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या मागेच देरासर आहे, जैनांचं मंदिर. चाळीस वर्षं रोज त्याच्या पायऱ्यांसमोरून भाजी आणायला जाते. एकदाही आत गेले नाही. हे बघायला मला न्यूयॉर्कला यावं लागलं. दीप्तीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तू म्युझियममध्ये आलीस की फार स्वतःला बोलतेस." पण म्युझियम त्यासाठीच असतं असं आता मला वाटायला लागलंय.

आता एक विनंती. तुमचं गुपित माझ्याजवळ राहील, पण तुम्ही डॉक्टरकडे जा. मॅन्युएलना मी काही सांगितलं नाही, फक्त फोनवरून विचारलं की यंत्र बसवल्यावर पहिल्यांदा काय झालं. म्हणाले, "बायको किती बोलते ते कळलं. आणि तिचं बोलणं किती मजेदार आहे तेही."

तेजल तुम्हाला चित्र पाठवतेय. देवमासा आहे, बटाटा नाही. ती म्हणाली, "वर्सोव्याच्या आजीला सांग, मी फोनवर बोलते ते तिला आवडत नाही, म्हणून चित्र." पुतळाबाई, हे मी मुद्दाम लिहितेय. मुलीला तसं वाटतं.

तुमची,
उत्तरा

•

वेसावे
१७ सप्टेंबर २०२३

उत्तराताई,

दोन महिने पत्र नाही म्हणून तुम्ही काळजीत होतात. भाविकाकडे तुम्ही चार निरोप पाठवले ते तिने सांगितले. मी मुद्दाम थांबले होते. झाल्यावर लिहायचं ठरवलं होतं.

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ वाचली आणि दुसऱ्या दिवशी भाविकाला बोलले, कानाच्या डॉक्टरकडे चल. ती शांतपणे बोलली, "काकी, मी दोन वर्षं वाट बघतेय तू कधी बोलतेस त्याची." म्हणजे बघा. मी समजत होते, कोणाला माहीत नाही.

अंधेरीत डॉक्टरीणबाईंनी एका बंद खोलीत बसवलं, कानावर भोंगे लावले. आवाज आला की बटण दाबा. मी बसून आहे, बसून आहे, मला वाटलं अजून चालू व्हायचंय. बाहेर आले तेव्हा ती बोलली, "आजी, अर्धी तपासणी होऊन गेली." कागदावर रेघ काढून दाखवली, कुठपर्यंत ऐकू येतं आणि कुठून नाही ते. पुढची खाडी सगळी सुकलेली.

मग मशीनं आली. दोन, शेंगदाण्याएवढी. पहिल्या दिवशी मी काढून फेकणार होते. माझ्या बांगड्या वाजतात हे मी विसरले होते. प्लॅस्टिकची पिशवी इतकी का ओरडते? बाजारात तर वाटच लागली, डोकं फुटायची वेळ. पण एक कळलं. इतकी वर्षं गिऱ्हाइकं माझ्यासमोर उभी राहून बारीक आवाजात बोलायची, "म्हातारी खवट आहे, पण माल ताजा असतो, घे." परवा एकीने तेच म्हटलं. मी बोलले, "खवट आहे, बहिरी नाही." तिच्या हातातली पिशवी पडली. झकास वाटलं!

नारळी पौर्णिमेला सोन्याचा मुलामा दिलेला नारळ समुद्राला वाहिला, बँड वाजला, त्यातली सनई मला वेगळी ऐकू आली. सजवलेल्या होड्या निघाल्या. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कृणालला फोन केला, ते तुम्हाला घरात कळलंच असेल, तरी माझ्याकडून ऐका. तो नेहमीसारखा ओरडला, "आईऽऽ!" मी बोलले, "ओरडू नको रे, ऐकू येतंय." मग मी सगळं सांगितलं. कान, काच, "कायमचा तिथेच", सगळं. तुम्हाला माहीत होतं हे पण सांगितलं, त्याने तुमच्यावर रागावू नये म्हणून ते माझ्या तोंडून गेलेलं बरं. तो म्हणाला, मी समजत होतो नेटवर्क खराब आहे. मग तो हळू रडला. मी ऐकलं. आधी असतं, तर मी बरं, बरं म्हणून ठेवून दिला असता फोन.

तेजल आली फोनवर. तिला बोलले, तुझा देवमासा मिळाला, बटाटा नाही ते समजलं. ती एवढी बोलली, एवढी बोलली. मी एकदा पण हां म्हटलं नाही, उत्तरं दिली.

तुम्ही माफी मागितली नाही ते बरं केलं. मला द्यायला जमलं नसतं तोंडावर. जेवायला या. तुमच्यासाठी वेगळ्या टोपात वरणभात करेन, टोप नवा आणेन. वास येईल. तो काही मला थांबवता येणार नाही.

तुम्ही मला लिहिलं नसतं तर मी आणखी दहा वर्षं मान हलवली असती. तुमचे उपकार आहेत. हे शब्द मला लिहिताना कठीण गेले, म्हणून पुन्हा लिहिणार नाही.

पुतळाबाई

•

मुलुंड पूर्व
८ फेब्रुवारी २०२४

प्रिय पुतळाबाई,

हे पत्र पोस्टाने पाठवतेय, आणि सोबत भाविकाच्या हाती द्यायला जाडजूड पाकीट वेगळं. त्यात कृणालचं निमंत्रण, तुमच्या घराचे कागद, होडीचे कागद आणि कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे. मंगळवारी व्हिसाच्या खिडकीत गेल्यावर आधी ती चिठ्ठी दाखवा आणि सांगा, "मला कमी ऐकू येतं, मोठ्याने विचारा." लाजू नका. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. तीन महिने राहणार, मग परत येणार, कारण धक्क्यावरची जागा दुसऱ्याला द्यायची नाही. हे तुम्ही मला ज्या आवाजात सांगितलंत त्याच आवाजात सांगा.

रविवारचं जेवण पोटात आणि मनात दोन्हीकडे आहे. तुमच्या घरी मी पाच तास बसले. वास होता, तासाभराने नव्हता. तो गेला कुठे ते मला कळलं नाही. तुम्ही आणि भाविका मला वलांडी दाखवायला घेऊन गेलात, आणि तिथे एका बाईने विचारलं, "ह्या कोण?" तुम्ही मोठ्याने सांगितलंत, "माझी विहीण. हिने मला अमेरिकेतून पत्रं लिहिली." सगळ्या बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले तेव्हाही मला इतका मान वाटला नव्हता.

एक सल्ला, बाईंच्या सवयीने. व्हिसा मिळाला आणि म्युझियममध्ये गेलात, तर सगळं बघायच्या मागे लागू नका. मी पहिल्या दिवशी अकरा दालनं बघितली, पाय सुजले आणि एकही धड आठवत नाही. एक वस्तू निवडा, समोर बाक असेल तिथे बसा आणि ती कोणी, कशी केली असेल याचा विचार करा. बूट घाला, चपला नकोत.

कळवा लगेच. फोन करा. आता चालेल.

तुमची,
उत्तरा

•

बॉस्टनजवळ
२३ जून २०२४

उत्तराताई,

फोनवर आपण आठवड्यातून दोनदा बोलतो तरी हे लिहायला बसले. कारण हे फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही मधे मधे प्रश्न विचारले असते.

येऊन पाच आठवडे झाले. तेजलची वेणी आता मी घालते. ती माझ्या हातची सैल वेणी घालून शाळेत जाते आणि बापाला चिडवते. दीप्ती माझ्यासाठी बाजारातून मासे आणते, पण इथल्या माशाला डोकं नसतं. डोक्याशिवाय ताजा कसा ओळखायचा? मी दुकानदाराला विचारलं, दीप्तीने इंग्रजीत सांगितलं, तो आत जाऊन डोकंवाला घेऊन आला. आता मला बघितलं की तो स्वतःच आत जातो.

काल आम्ही तुमच्या त्या बंदरावर गेलो. लहान म्युझियम आधी. मॅन्युएल दारातच उभे होते. तुम्ही सांगितलं तसेच आहेत. कृणालने सांगितलं, ही माझी आई. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटे केले आणि बोटांवरचे वण बघितले. मग आपले दाखवले. कृणालने सांधलेलं जाळं त्यांनी सोडवलेलं नाही, तसंच बाकावर ठेवलंय. मी गाठी तपासल्या. दोन ढिल्या आहेत. पोराला दाखवल्या. तो बोलला, "आई, पंधरा वर्षांनी सुई धरली होती." मी बोलले, म्हणून दोनच आहेत. मॅन्युएलना ते सांगितल्यावर ते एवढे हसले की त्यांच्या कानातलं मशीन शिट्टी मारायला लागलं.

तुमचा सल्ला मी ऐकला. एकच वस्तू निवडली. भिंतीवर एक जुना फोटो आहे, धक्क्यावर बसलेल्या बायका, मासे साफ करताहेत. डोक्याला फडकी, हातात सुरी, पायाशी टोपल्या. समोर बाक होता, तिथे बसले. त्यातली एक जण कोपऱ्यात बसलीय, सगळ्या हसताहेत आणि ही सुरीकडे बघतेय. बाकीच्या काय बोलल्या ते तिला ऐकू आलं नसेल, असं मला वाटलं. कोणाला माहीत, खरं काय होतं ते. नाव लिहिलेलं नाही कोणाचं. पण मी तिच्यासमोर बराच वेळ बसले. आमच्या धक्क्यावरच्या बायकांचे फोटो कोणी असे भिंतीवर लावत नाही. लावायला पाहिजेत. परत आले की भाविकाला सांगणार आहे, तू मोबाईलवर नाचाचे व्हिडिओ काढतेस ना, त्याऐवजी आपल्या म्हाताऱ्यांना बसव, एकेकीचं नाव विचार, कधीपासून बसते ते विचार आणि लिहून ठेव. तुम्ही या मदतीला. तुमचं अक्षर चांगलं आहे. आपण दोघी मिळून करू.

मग देवमाशाकडे गेलो. माझा समुद्राशी जन्माचा संबंध, पण एवढी हाडं मी कधी बघितली नाहीत. मी मान वर करून उभी राहिले. मोठ्या खोलीत खूप माणसं होती, पण देवळात असतात तशी, सगळी कुजबुजत. तेजलने मला खाली वाक म्हणून हाताने खुणावलं. मी वाकले. तिने माझ्या कानाजवळ तोंड आणलं. बारीक आवाजात, दुसऱ्या कोणाला कळू नये म्हणून, ती काहीतरी बोलली.

काय बोलली ते तुम्हाला सांगणार नाही. आमचं दोघींचं आहे.

पण मला सगळं ऐकू आलं, उत्तराताई. एकेक शब्द.

तुमची,
पुतळा